अठ्ठावन्न लाख थडग्यांचा हिशेब

1801 साली लंडनची लोकसंख्या दहा लाखांच्या आतच होती. 1851 पर्यंत ती चोवीस लाखांच्या आसपास पोहोचली. जिवंत माणसांसाठी शहर चहूकडे पसरत गेलं, पण मेलेल्यांची जागा होती तेवढीच राहिली. साऱ्या शहरात मिळून सुमारे 200 लहान-लहान दफनभूमी होत्या आणि त्यांचं एकत्रित क्षेत्र जेमतेम 300 एकर होतं. दादरची दहा-अकरा शिवाजी पार्कं धरा! एवढ्या जागेत दर वर्षी पन्नास हजारांच्या आसपास माणसं पुरायची होती.

ती मावणार कशी? नवी शवपेटी उतरवायला जुनी हाडं उकरून काढली जात. एनन चॅपेल नावाच्या एका खासगी प्रार्थनागृहाच्या तळघरात तर वीसेक वर्षांत सुमारे 12 हजार प्रेतं कोंबली गेली. मध्ये फक्त लाकडी फळ्या आणि वर मुलांची रविवारची शाळा! जॉर्ज वॉकर या डॉक्टरने अशा जागांची वर्णनं 1839 मध्ये छापली. पुढे त्याने स्वतःच्या खर्चाने एननमधले अवशेष हलवून नीट पुरले. त्यातच 1848-49 ची पटकीची साथ आली आणि एकट्या लंडनमध्ये तिने 14 हजारांहून अधिक बळी घेतले.

याच काळात सर रिचर्ड ब्राउन आणि रिचर्ड स्प्राय यांनी एक अचाट योजना मांडली. शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, वोकिंगजवळच्या ओसाड माळावर, साऱ्या लंडनसाठी एकच दफनभूमी करायची आणि प्रेतं तिथे आगगाडीने न्यायची. ब्राउनच्या हिशेबाने 1,500 एकरांत एका थरात 58 लाख 30 हजार 500 थडगी बसणार होती. म्हणजे तेव्हाचं सगळं लंडन पुरूनही निम्म्याहून अधिक जागा उरली असती. हा आकडा मी पडताळून पाहिला. एकराला 3,887 थडगी, म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम 11 चौरस फूट! पायवाटांना आणि झाडांना जागाच उरत नाही. पुढे तिथे पहिल्या वर्गाची साधी जागा 9 बाय 4 फुटांची ठरली. त्या मापाने त्याच जमिनीत अठरा लाखच थडगी बसतात. तरी अठरा लाख हाही काही लहान आकडा नव्हे.

संसदेने 1852 मध्ये कायदा करून या योजनेसाठी काढलेल्या कंपनीला परवानगी दिली आणि नोव्हेंबर 1854 मध्ये त्या माळावर ब्रुकवुडची दफनभूमी सुरू झाली. वॉटर्लूजवळ कंपनीचं स्वतःचं स्टेशन होतं. तिथून रोज गाडी सुटे आणि थेट दफनभूमीच्या आत जाई. आतही दोन स्टेशनं होती, एक अँग्लिकनांसाठी आणि दुसरं इतरांसाठी. गाडीत पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन वर्ग होते आणि ते जिवंतांना होते तसे मृतांनाही होते. नातलगांचं जाण्यायेण्याचं तिकीट सहा, साडेतीन किंवा दोन शिलिंगांचं. शवपेटीचं तिकीट अर्थातच एकेरी, एक पौंड, पाच शिलिंग किंवा अडीच शिलिंग. हे दर कायद्याने बांधलेले असल्यामुळे जवळजवळ शेवटपर्यंत तेच राहिले.

मृत्यूनंतरही माणसाला वर्ग चिकटलेला असावा, हे मला आजही सलतं. तिसऱ्या वर्गाच्या थडग्यावर कायमची खूण उभारायचा हक्क नव्हता. पण इथे एक गोष्ट अशी घडली की तिच्यापुढे 58 लाखांचा आकडाही मला छोटा वाटतो. लंडनमध्ये गरिबांना एकाच खड्ड्यात एकावर एक रचून पुरत. ब्रुकवुडला मात्र पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक प्रशासनाच्या, खर्चाने आलेल्या निराधारालाही स्वतंत्र थडगं मिळे. पहिलं दफन झालं ते लंडनच्या सदर्क भागातल्या एका गरीब घरच्या मृत जन्मलेल्या जुळ्यांचं. पहिल्या वीस वर्षांत वर्षाला सरासरी 3,200 दफनं झाली आणि त्यांतली ऐंशी टक्के अशाच निर्धनांची होती.

कंपनीचं गणित मात्र पार चुकलं. तिचा अंदाज वर्षाला दहा ते पन्नास हजार दफनांचा होता. शेवटी एप्रिल 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचं स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि ती गाडी पुन्हा कधी सुरू झाली नाही. आजवरची सारी दफनं मिळून 2 लाख 35 हजारांच्या वर जातात, म्हणजे ब्राउनच्या आकड्याच्या शंभरात चार.

उरलेल्या मोकळ्या जागेचं मोल वेगळंच ठरलं. शहरात ज्यांना हक्काची जागा मिळणं अवघड होतं, त्यांनी इथे आपापले कोपरे घेतले. नाटकवाल्यांचा भाग, स्वीडिश लोकांचा भाग, मुसलमानांचा भाग. लष्करी दफनभूमी 37 एकरांची आहे आणि तिथे दोन महायुद्धांतल्या पाच हजारांवर सैनिकांची थडगी आहेत. 1860 च्या दशकात पारशांनीही इथे जमीन घेतली. मुंबईच्या डोंगरवाडीत दखमा, म्हणजे पारशांचा शांतिमनोरा, होता; इंग्लंडमध्ये तो नव्हता, म्हणून तिथे दफन. जमशेटजी टाटा मे 1904 मध्ये जर्मनीतल्या बाड नाउहाइमला वारले. मुंबईत गिरण्या आणि ताजमहाल हॉटेल उभारणाऱ्या या माणसाची समाधी ब्रुकवुडलाच आहे. मुलगे सर रतन आणि सर दोराबजी, सून मेहेरबाई हेही त्याच आवारात आहेत. मुंबईच्या औद्योगिक इतिहासातलं एक अख्खं घराणं सरी परगण्यातल्या त्या माळावर विसावलं आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते ठाऊक असायला हवं.

मधल्या काळात मालक बदलत गेले आणि झाडोरा माजला. डिसेंबर 2014 मध्ये वोकिंगच्या नगरपरिषदेने ही भूमी विकत घेतली. तिथे दफनं अजूनही चालू आहेत.