जुन्या गाडीचा कन्व्हर्टर : कापण्यापूर्वी विचार करा

जळगाव-धुळ्याच्या गॅरेज लाइनीत आपल्या समाजातील कारीगर मोठ्या संख्येने आहेत. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. व्यापारी मंडळींतही जुनी मारुती ८०० हौसेने जपणारे कमी नाहीत. अशा गाडीचा पिकअप कमी झाला की एक सल्ला हमखास मिळतो, "सायलेन्सरच्या लाइनीतला डबा कापा आणि सरळ पाइप लावा." हा सल्ला कितपत योग्य, हे गाडीमालक आणि कारीगर दोघांनीही समजून घेणे जरूरीचे आहे.

हा डबा आला कोठून?

हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते व तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांचे तेथे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते.

या जाळीचा मोठा शत्रू म्हणजे शिसे. शिसेविरहित पेट्रोल देशभर सर्वत्र मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याआधी मुंबईची जी गाडी जिल्ह्यात येऊन शिशाच्या पेट्रोलवर चालली, तिचा कन्व्हर्टर केव्हाच निकामी झाला. म्हणजे मिस्त्री "हा डबा काही कामाचा नाही" म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते खरेच असते. परंतु निकामी वस्तू बदलायची की नुसती काढून टाकायची, हा प्रश्न वेगळा आहे.

आधी मूळ दोष शोधा

गाडी थंड असताना डब्यावर हलकेच ठोकून पाहावे. आत खडखड झाली तर जाळी फुटली आहे. पण जाळी आपोआप फुटत किंवा तुंबत नाही. इंजिन ऑइल जाळत असेल, प्लग मिस होत असेल किंवा कार्बोरेटर जादा पेट्रोल सोडत असेल, तर डबा तापून वितळतो. हे दोष तसेच ठेवून सरळ पाइप लावला तर रोग कायम राहतो आणि पेट्रोलचा खर्चही. नवा डबा बसवला तरी तोही लवकरच जातो.

जुन्या पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरला असा डबा नव्हताच. तेथे काढण्यासारखे काही नाही. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी नळी असेल, तर तीही काढू नये. ती इंजिनातील वाफ परत जाळण्यासाठी असते.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडीत परवानगीविना फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रदूषणाबद्दलचा दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. पीयूसीत भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, तर स्टेज-२ व ३ च्या गाडीला फक्त ०.५ टक्का. म्हणून जुनी गाडी सरळ पाइपवरही पास होऊ शकते. पण पीयूसी मिळाली म्हणजे डबा कापण्याची परवानगी मिळाली, असे नव्हे.

अमानतीचा प्रश्न

आता कारीगर बंधूंसाठी एक गोष्ट. निकामी डब्यातही मौल्यवान धातू असतो, म्हणूनच भंगारवाले तो आवर्जून मागतात. तो माल गाडीमालकाचा आहे. त्याला किंमत न सांगता तो ठेवून घेणे म्हणजे अमानतीत खयानत. कुरआनने अमानत हकदाराला पोहोचवण्याचा हुकूम दिला आहे. आम्हा कापडवाल्यांना थानातला डाग दाखवूनच माल विकावा लागतो. गॅरेजचा नियमही वेगळा नाही. काढलेला भाग ग्राहकापुढे ठेवावा. त्याने तो दिला तर त्याची किंमत बिलात वजा करावी. ग्राहकानेही आपला जुना भाग मागून घ्यावा.

शेवटी हेही ध्यानात असावे की कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करताना तो पहिल्यांदा मिस्त्रीच्या आणि त्याच्या शागीर्दाच्या छातीत जातो. शटर उघडे ठेवा. हलाल रोजी कमावणारे हात सलामत राहिले पाहिजेत.