मी मागे चालणार नाही!

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२३ च्या उन्हाळ्यात मी शिकागोला गेले होते. पहिला महिना न्हाऊमाखू, आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू ह्यांतच गेला. नात दीड महिन्याची झाली तेव्हा जावई म्हणाले, "आई, इथे येऊन तुम्ही विवेकानंदांची जागा अजून पाहिली नाहीत, हे काही बरे नाही." एका रविवारी बाळाला घेऊन आम्ही सगळे निघालो. १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेत स्वामीजी जिथे बोलले त्या इमारतीत आता मोठे कलासंग्रहालय आहे. तिथे नमस्कार केला, फोटो काढले आणि परत फिरलो. थोडे पुढे गेल्यावर एका रुंद रस्त्याच्या कोपऱ्यावर पाटी दिसली : आयडा बी. वेल्स ड्राइव्ह.

"ही कोण गं बाई?" मी विचारले.

सात वर्षे त्या शहरात राहिलेली माझी लेक म्हणाली, "असेल कुणीतरी!"

खरे सांगायचे तर तिला हसण्याचा मला अधिकार नव्हता. आपल्या गावातल्या किती पाट्यांखालून मी स्वतः "असेल कुणीतरी" म्हणत गेले आहे! पण परदेशात माणसाला वेळ फार असतो. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयातून लेकीच्या कार्डावर मी ह्या बाईंचे आत्मचरित्र आणले. बाईंच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९७० साली, त्यांच्या मुलीने ते संपादून प्रसिद्ध केले होते. रात्री नात मांडीवर आणि पुस्तक उशीवर, अशी वाचायला बसले. आजीची झोप गेली ती नातीच्या रडण्याने नव्हे, त्या पुस्तकाने.

डब्यातून ओढून काढलेली मास्तरीण

आयडाचा जन्म १८६२ चा, मिसिसिपी राज्यातला. आईबाप गुलाम. गुलामगिरी संपल्याचे सुख त्या घराने जेमतेम तेरा वर्षे उपभोगले आणि १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईबाप दोघेही गेले. सोळा वर्षांच्या आयडाने धाकट्या भावंडांची वाटावाट होऊ दिली नाही. तिने शाळेत मास्तरकी धरली आणि घर सांभाळले.

पुढे एकदा ती तिकीट काढून आगगाडीत बायकांच्या डब्यात बसली असता गार्डाने तिला उठून दुसऱ्या डब्यात जायला सांगितले. ती हलेना. त्याने दंड धरून ओढले तेव्हा ह्या मास्तरीणबाईंनी त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला! अखेर दोघातिघांनी मिळून तिला ओढून काढले. तिने कंपनीवर फिर्याद केली आणि १८८४ साली न्यायालयाने तिला ५०० डॉलर भरपाई दिली. १८८७ मध्ये टेनेसी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. मला एकदम आपले बॅरिस्टर गांधी आणि पीटरमॅरिट्झबर्गचे स्टेशन आठवले. ती गोष्ट १८९३ ची, म्हणजे ह्या मुलीच्या मागाहूनची.

१८९२ च्या मार्च महिन्यात मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. गुन्हा एवढाच, की त्यांचे किराणा दुकान समोरच्या गोऱ्या दुकानदारापेक्षा बरे चालू लागले होते. त्यांतला टॉमस मॉस हा आयडाचा जवळचा स्नेही. तोवर ती एका वृत्तपत्राची भागीदार आणि संपादक झाली होती. तिने लेखणी उचलली, गावोगावच्या अशा हत्यांची माहिती जमवली आणि त्यामागची कारणे उघडी पाडली. ती परगावी असताना जमावाने तिच्या छापखान्याची मोडतोड केली, आणि मेम्फिसमध्ये पाऊल टाकलेस तर जीव जाईल असा निरोप दिला. ती परतली नाही. पण लिहायचीही थांबली नाही.

आता योगायोग पाहा. १८९३ च्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली, त्याच प्रदर्शनात ही तिशीतली बाई हैती देशाच्या दालनात बसून एक पुस्तिका वाटत होती. अमेरिकेच्या वैभवाच्या ह्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या काळ्या माणसाला जागा का नाही, हा त्या पुस्तिकेचा विषय. पुढे १८९५ साली तिने शिकागोचे एक वकील फर्डिनंड बार्नेट ह्यांच्याशी लग्न केले आणि त्याच शहरात संसार थाटला.

तान्हे मूल आणि व्यासपीठ

इथून पुढचा भाग मी मांडीवरच्या नातीला थोपटत दोनदा वाचला. लग्न झाल्यावर बाईंनी काम सोडले असे पुष्कळांना वाटले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या थोर पुढारी सूझन अँथनी ह्यांनीसुद्धा, आता तुझे लक्ष दोन ठिकाणी वाटले जाणार, अशी नापसंती त्यांना ऐकवली. ह्यावर बाईंनी काय करावे? १८९६ च्या निवडणुकीत त्यांना प्रचारदौऱ्याचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी एकच अट घातली : मी बाळाला घेऊन येईन, आणि ज्या ज्या गावी व्याख्यान असेल तिथे बाळाला सांभाळायला एक बाई तयार ठेवा. अट मान्य झाली. अंगावर पाजायचे मूल घेऊन राजकीय भाषणे करत हिंडणारी अमेरिकेत मी एकटीच असेन, असे त्यांनी पुढे अभिमानाने लिहिले आहे. बाळंतपणाच्या रजेवरून लेक मीटिंगांच्या काळजीत पडली होती. तिला मी हे वाचून दाखवले. ती हसली, मग म्हणाली, "आई, ते पान दुमडून ठेव."

त्याच १८९६ साली देशभरच्या कृष्णवर्णीय स्त्रीमंडळांचा एक संघ निघाला. त्याच्या पहिल्या अध्यक्ष मेरी चर्च टेरेल ह्या ओबर्लिन कॉलेजच्या पदवीधर. आपण एक पायरी चढताना खालच्या बहिणीलाही हात देऊन वर घ्यायचे, हे त्यांचे ब्रीद. ह्या मंडळांनी बालवाड्या काढल्या, म्हाताऱ्यांसाठी आश्रम चालवले. आपल्याकडच्या महिला मंडळांचीच ही बहीण, असे वाटावे. पण फरक असा, की ह्या बायकांना पुरते कळले होते, की मताचा हक्क नसेल तर नुसत्या बालवाडीने भागत नाही.

३ मार्च १९१३

१९१३ च्या जानेवारीत आयडाबाईंनी शिकागोत 'अल्फा सफ्रेज क्लब' काढला, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रियांचे मताधिकार मंडळ. दोनच महिन्यांनी, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांची प्रचंड मिरवणूक निघायची होती. इलिनॉय राज्याच्या साठएक बायकांत आयडाबाई होत्या. तालमीच्या वेळी त्यांच्या कानावर आले, की दक्षिणेकडच्या गोऱ्या बायकांची मने दुखवू नयेत म्हणून त्यांनी आपल्या राज्याबरोबर न चालता, काळ्या बायकांच्या तुकडीबरोबर शेवटी चालावे.

विचार करा. हक्क मागायला निघालेल्या बायका, आणि त्यांनीच आपल्यातल्या एकीला सांगावे, तू मागून ये! आयडाबाई म्हणाल्या, चालेन तर इलिनॉयच्या बायकांबरोबर, नाहीतर मुळीच चालणार नाही. मग त्या दिसेनाशा झाल्या. सगळ्यांना वाटले, रागावून गेल्या. मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी. टवाळ पुरुषांनी बायकांना ढकलले, शिव्या दिल्या, शेकडो जण जखमी झाले. इलिनॉयची तुकडी पुढे सरकली आणि बघ्यांच्या गर्दीतून एक बाई शांतपणे बाहेर आल्या. बेल स्क्वायर आणि व्हर्जिनिया ब्रुक्स ह्या दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मधोमध आपली जागा घेऊन त्या शेवटपर्यंत चालल्या. शिकागोच्या वर्तमानपत्रात तिघींचा फोटो छापून आला. त्या मिरवणुकीत हॉवर्ड विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थिनीही निशाण घेऊन उतरल्या होत्या, आणि मेरी टेरेल त्यांच्याबरोबर होत्या.

दारोदार

पण माझ्या मते ह्या बाईंचा खरा पराक्रम मिरवणुकीतला नव्हे, त्यानंतरचा आहे. फोटो काय, एका दिवसात निघतो.

जून १९१३ मध्ये इलिनॉयने स्त्रियांना राष्ट्राध्यक्षाच्या आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मत दिले. राज्यपालाला मत देता येत नव्हते, पण नगरसेवकाला येत होते. अल्फा क्लबच्या बायका आपल्या वॉर्डात घरोघर फिरून मतदारयादीत नावे नोंदवू लागल्या. पुरुष कुचेष्टा करत : घरी जा, पोरे सांभाळा, तुम्हाला आता आमच्या विजारी घालायच्या आहेत काय? काही जणी रडकुंडीला येऊन सांगत, आम्हाला हे जमायचे नाही. आयडाबाई त्यांना समजावून पुन्हा पाठवत. आठवड्याच्या आठवड्याला बैठका होत. मत कसे द्यायचे, कोणते पद कशासाठी असते, हे तिथे शिकवत. १९१४ मध्ये त्यांचा उमेदवार थोडक्यात पडला, आणि त्याबरोबर पक्षाचे पुढारी धावत क्लबात आले : पुढल्या वेळी काळा उमेदवार आम्हीच देतो! १९१५ साली ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले. तेच १९२८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. विसाव्या शतकात तिथे निवडून गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ह्या साखळीची पहिली कडी जिन्याच्या पायऱ्या चढून दार ठोठावणाऱ्या बायकांनी घडवली.

१९२० साली घटनादुरुस्तीने साऱ्या अमेरिकन स्त्रियांना मत मिळाले, असे शाळेच्या पुस्तकात असते. कागदावर ते खरेही होते. दक्षिणेत मात्र काळ्या बाईने मत द्यायला जावे, तर आधी डोईपट्टी भरा, मग घटनेतला उतारा वाचून समजावून सांगा, आणि एवढे करून घरी धमकीचे पत्र! फ्लोरिडात मेरी बेथ्यून ह्यांनी १९०४ मध्ये दीड डॉलर आणि पाच मुली एवढ्या भांडवलावर शाळा काढली होती. मत मिळाल्यावर त्यांनी डोईपट्टीसाठी दारोदार पैसे जमवले आणि लोकांना मतदानासाठी वाचायला शिकवले. एका निवडणुकीच्या आदल्या रात्री पांढरे बुरखे घातलेले क्लू क्लक्स क्लॅनचे लोक शाळेच्या आवारात आले. बाई जागच्या हलल्या नाहीत, आणि सकाळी आपली माणसे घेऊन मतदानाला गेल्या. हे अडथळे खऱ्या अर्थाने मोडले ते १९६५ च्या मताधिकार कायद्याने. मधे पंचेचाळीस वर्षे गेली!

आयडाबाईंनी १९३० मध्ये स्वतः राज्याच्या सिनेटसाठी निवडणूक लढवली आणि हरल्या. १९३१ मध्ये त्या वारल्या. पुलित्झर सन्मान मिळाला तो २०२० साली, आणि रस्त्याला नाव २०१९ मध्ये.

आजीची कबुली

पुस्तक परत करायच्या दिवशी नातीचा जन्मदाखला टपालाने आला. ती जन्माने अमेरिकेची नागरिक झाली, ह्याचा घरात सगळ्यांना आनंद. त्या आनंदात मला एकटीलाच माहीत होते, की ज्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे हे झाले, ती १८६८ साली मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांसाठी केली होती. आमच्या गोड छकुलीला ते नागरिकत्व आयडाच्या आईबापांच्या घरातून आले! महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. दीडशे वर्षांनी त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ मला मांडीवर उमगला.

आणि लाजही वाटली. मुंबई इलाख्यात १९२१ साली कायदेमंडळासाठी बायकांना मत मिळाले ते मालमत्तेची अट घालून. मला मात्र मतदानाचे वय होताच ते फुकट मिळाले. पण ऑक्टोबर २०१९ मधली विधानसभेची निवडणूक सोमवारी आली, शनिवार-रविवार जोडून मिळाला, आणि आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला जाऊन आलो. "एका मताने काय होतंय?" असे म्हणणारी मीच होते.

२० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा मतदान होते. आदल्या आठवड्यात मी आमच्या इमारतीतली बाराही घरे फिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, एका मताने काय होणार?" दार अर्धवट लोटलेले, आत टीव्ही चालू. मी म्हटले, "चहा टाका, सांगते."

चहा झाला. बुधवारी सकाळी वहिनी रांगेत माझ्या पुढे उभ्या होत्या.