अध्यक्षांचे मत

नागरिकशास्त्राच्या तासास ‘मुख्यमंत्री’ व ‘अध्यक्ष’ यांविषयी विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. मुख्यमंत्री हे मंत्रिमंडळाचे प्रमुख. विधानसभेचे कामकाज चालवितात ते अध्यक्ष. महाराष्ट्र विधानसभेचे 288 सदस्य आपल्यांतूनच अध्यक्ष निवडतात. 78 सदस्यांच्या विधानपरिषदेत याच पदास ‘सभापती’ म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद 189 प्रमाणे अध्यक्ष प्रथमतः मत देत नाहीत. मते समसमान पडल्यासच त्यांनी निर्णायक मत द्यावयाचे असते. एका पक्षातून निवडून आलेल्या व्यक्तीने सर्वांस समान न्याय द्यावा, हा यामागील हेतू होय.

शिक्षकांनी वर्गात सभा भरवून एखाद्या विद्यार्थ्यास अध्यक्ष नेमावे. वेळ संपताच जिवलग मित्रासही “आपण खाली बसावे” असे सांगताना त्यास जे अवघड वाटेल, तोच या पदाचा खरा पाठ होय.