फायबरच्या नौकांचा नरम पडलेला डेक : निदान आणि दुरुस्ती

वसई तालुक्यातील गास हे गाव प्राचीन शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या सोपाऱ्याच्या, अगदी शेजारी वसले आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणला, आणि सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावी सापडला. ज्या खाडीतून एके काळी परदेशी व्यापाऱ्यांची गलबते येत, ती कालांतराने गाळाने भरली. आज गासची ओळख वाडी-बागायतीची आहे. परंतु गावाच्या पश्चिमेस कळंब, राजोडी व भुईगावचा किनारा, उत्तरेस अर्नाळा आणि दक्षिणेस पाचूबंदर असल्यामुळे नौका हा या परिसराच्या रोजच्या जीवनाचा भाग राहिला आहे. सोळाव्या शतकात आगाशी हे जहाजबांधणीचे नामांकित ठिकाण होते. त्या काळचा सुतार सागाची फळी बोटाने दाबून तिची प्रकृती सांगू शकत असे. फायबरच्या नौकेबाबत मात्र हे कसब पुरे पडत नाही, आणि प्रस्तुत विषयाचे महत्त्व नेमके यातच आहे.

काचतंतू आणि राळ, म्हणजे रेझिन, यांपासून नौका तयार करण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरली. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा होड्या फार मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही लाकडी नौकांच्या जोडीने फायबरच्या नौका दिसतात. जलाशयांतील प्रवासी होड्या व पूरग्रस्त भागासाठी घेतलेल्या बोटी पुष्कळ ठिकाणी फायबरच्याच असतात. या नौकांना कीड लागत नाही, गंज चढत नाही, ही गोष्ट खरी. त्यावरून "फायबरला काही होत नाही" असा जो समज रूढ झाला आहे, तो मात्र घातक आहे. फायबर कुजत नाही. फायबरच्या पोटात दडलेले लाकूड कुजते.

पुठ्ठ्याच्या खोक्याचा धडा

नौकेचा डेक केवळ काचतंतूंचा केला तर तो फार जड होईल किंवा पायाखाली लवेल. म्हणून पुष्कळ नौकांत वर एक पातळ थर, खाली एक पातळ थर आणि मध्ये प्लायवुड, बाल्सा नावाचे हलके लाकूड अथवा फेस-प्लास्टिक अशी रचना केलेली असते. शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्यावा. त्याचे वरचे व खालचे कागद निराळे केले तर दोन्ही कागद कसेही वाकतात. मधल्या नागमोडी थराला ते चिकटलेले असतात तोवर मात्र तोच पुठ्ठा ताठ राहतो. पट्टीची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठपणा सुमारे आठपट होतो. मधला गाभा हे काम वजन न वाढविता साधतो. गाभा कुजला किंवा थरांपासून सुटला की ताठपणा नाहीसा होतो, आणि वरून चकचकीत दिसणारा डेक पावलागणिक दबू लागतो.

पाणी आत शिरते ते बहुधा छिद्रांतून. कठडा, दोरखंड बांधण्याच्या खुंट्या, झाकणांच्या बिजागऱ्या, जाळे ओढण्याची विंच यांसाठी डेकमध्ये बोल्ट व स्क्रू बसवितात. त्यांच्या भोवतीचा लेप काही वर्षांत कडक होऊन तडकतो, आणि प्रत्येक सरीबरोबर थेंब थेंब पाणी गाभ्यात झिरपते. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक मानवते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिला की ती वाढू लागते. त्यामुळे समुद्रात राबणाऱ्या नौकेपेक्षा किनाऱ्यावर उघडी पडून राहिलेल्या नौकेची हानी कित्येकदा अधिक होते. पावसाळ्यापूर्वी नौका शाकारण्याची कोळी बांधवांची जुनी प्रथा शास्त्राला धरून आहे. तथापि झापांच्या जागी आलेली ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट आवळली, तर आतली दमट हवा कोंडून उलट अपाय होतो. दोन्ही टोकांस वारा खेळण्यापुरती मोकळीक ठेवणे आवश्यक आहे.

निदान

नरम जागा शोधण्यास महागड्या उपकरणांची गरज नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा नाण्याने डेकवर वीतभर अंतराने ठोकत जावे. निरोगी जागी खणखणीत, तर बिघडलेल्या जागी बद्द आवाज येतो. मडके पारखून घेणाऱ्या गृहिणीस हे सांगावे लागत नाही. बद्द आवाजाची सीमा खडूने आखावी. नंतर शक्य असल्यास खालच्या बाजूने लहान छिद्र पाडून बाहेर येणारा भुसा तपासावा. तो कोरडा व फिकट असेल तर गाभा शाबूत आहे, पण थर सुटला असण्याचा संभव आहे. काळपट, ओला व आंबूस वासाचा असेल तर गाभा गेला असे समजावे. छिद्रे आखलेल्या रेषेच्या थोडी बाहेरही घ्यावीत, कारण ओल नेहमी आवाजाच्या पुढे गेलेली असते. ज्या होडीला मागील बाजूस इंजिन टांगलेले असते, तिची मागची उभी फळीही याच रीतीने तपासली पाहिजे. तिच्याही पोटात बहुधा प्लायवुड असते, आणि तेथील कूज डेकपेक्षा गंभीर, कारण इंजिनाचे सारे वजन व जोर तीच पेलते.

दुरुस्तीची वेळ

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हाताला सवड असते, म्हणून दुरुस्तीही याच दोन महिन्यांत उरकण्याकडे कल असतो. कोकणातील हेच दोन महिने या कामास सर्वांत प्रतिकूल होत. पावसाळी हवेत उघडा केलेला गाभा वाळत नाही, आणि ओल्या लाकडावर चढविलेला फायबरचा थर वर्षभरात पुन्हा सुटतो. पैसे खर्च होतात, दोष मात्र आत झाकला जातो. एप्रिल-मेमध्ये चार दिवस धंदा बुडाला तरी तेव्हाच डेक उघडावा, किंवा तो पक्क्या छपराखाली, पंखा व दिव्याच्या उबेने अनेक दिवस वाळवावा. कोरडेपणाची खात्री करण्यास साधी युक्ती अशी की, स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी त्या जागेवर चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर थांबावे.

प्रत्यक्ष काम

दुरुस्ती बहुधा वरूनच करतात, कारण खालून काम करताना राळ ओघळते. आखलेल्या सीमेवर करवतीचे पाते केवळ वरच्या थराच्या जाडीइतकेच खोल ठेवून काप घ्यावा. खालचा थर कापला गेला तर काम दुप्पट होते. उचललेला वरचा तुकडा फेकून देऊ नये. तो जपून ठेवल्यास मूळचा उतार व घसरण रोखणारा खरखरीतपणा कायम राहतो. कुजलेला गाभा पटाशीने पूर्ण काढावा, आणि चहूबाजूंनी कोरडे, टणक लाकूड लागेपर्यंत मागे सरकत जावे. काटकसरीचा मोह येथेच होतो व येथेच तो महाग पडतो. दोन इंच ओला गाभा मागे राहिला तर बुरशीचे बीज नव्या लाकडाशेजारीच राहिले असे होते.

नव्या गाभ्यासाठी प्लायवुड वापरावयाचे तर ते सागरी प्रतीचे, म्हणजे आय.एस. ७१० हे मानक चिन्ह असलेले असावे. फर्निचरसाठी मिळणारे साधे प्लायवुड कितीही "वॉटरप्रूफ" म्हणून विकले जात असले तरी या कामास घेऊ नये. तुकड्यांच्या कडांना आधी पातळ राळ पाजावी, कारण लाकूड पाणी पिते ते कडांनी. मग घट्ट केलेल्या राळेची भरपूर चादर पसरून त्यात गाभा दाबून बसवावा. खाली हवेचे पोकळ फुगे राहू नयेत म्हणून वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. त्यावर त्याच रीतीने वरचा तुकडा बसतो.

सांध्याचे बळ त्याच्या उतारावर अवलंबून असते. थर ३ मिलिमीटर जाड असेल तर फटीच्या दोन्ही बाजूंस सुमारे ३६ मिलिमीटरपर्यंत घासून सावकाश उतार करावा, म्हणजे जाडीच्या बारापट. या उथळ खोलगटीत काचतंतूंची चटई, आधी अरुंद व मग रुंद, थरांवर थर बसवावी. काठाशी उभा काप ठेवून वरून नुसती लांबी भरली, तर पहिल्याच मोसमात तेथे केसासारखी चीर दिसते. पॉलिएस्टर राळ स्वस्त असते, परंतु जुन्या पृष्ठावर चिकटण्यात इपॉक्सी तिच्यापेक्षा सरस आहे. इपॉक्सी वापरावयाची तर चटईऐवजी विणलेले काचकापड घ्यावे. चटईतील तंतू बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही.

राळेशी काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेकडे सर्रास दुर्लक्ष होते. पॉलिएस्टर राळेत कोबाल्ट व हार्डनर असे दोन पदार्थ मिसळतात. हे दोन पदार्थ एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी राळेत पूर्ण ढवळावे, नंतरच हार्डनर घालावा. त्याचे प्रमाण एक किलो राळेस साधारण १० ते २० ग्रॅम असते, आणि वैशाखाच्या उन्हात ते कमीच ठेवावे, नाहीतर डब्यातच राळ तापून दगड होते. हार्डनर डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते, चष्मा हवाच. घासताना उडणारी काचेची धूळ तोंडाला बांधलेल्या फडक्याने अडत नाही. चांगला मुखवटा व हातमोजे यांचा खर्च एकूण कामाच्या मानाने नगण्य आहे.

डेक बंद झाल्यावर जुनी छिद्रे तशीच वापरणे म्हणजे पुन्हा तेथूनच पाण्याला वाट देणे होय. दहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी सोळा ते वीस मिलिमीटरचे छिद्र पाडावे, ते घट्ट इपॉक्सीने काठोकाठ भरावे, आणि ती टणक झाल्यावर तिच्या मध्यातून नवे छिद्र घ्यावे. बोल्टभोवतीचा लेप पुढे फुटला तरी पाण्याची गाठ लाकडाशी पडत नाही. छिद्रांतून पिचकारीने राळ भरून डेक "टणक" करून देणारे कारागीर भेटतात. गाभा कोरडा असून केवळ थर सुटला असेल तेथे हा उपाय चालतो, कुजलेल्या ओल्या गाभ्यास त्याचा उपयोग नाही.

ग्रामपंचायतीची बोट

नदीकाठच्या गावांत पूरकाळासाठी घेतलेली बोट वर्षातील अकरा महिने उभी असते, आणि लागते तेव्हा एका घटकेत लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्राह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. तेथे प्रश्न बोटीत चढलेल्या माणसांच्या संख्येचा होता, डेकचा नव्हे. परंतु आणीबाणीत बोटीवर किती भार येतो याची कल्पना त्यावरून यावी. असा भार मऊ पडलेल्या तळावर अथवा इंजिनाच्या कुजक्या फळीवर आला तर काय होईल, हे एप्रिलमध्येच पाहिले पाहिजे. बोट लहान असल्यास जमिनीपासून उंच ठोकळ्यांवर पालथी ठेवावी. मोठी असल्यास नाकाडाकडून किंचित उचलून मागील बूच काढून ठेवावे, म्हणजे पाणी साचणार नाही.

तपासणीच्या वेळी डेकचा साधा आराखडा कागदावर काढून बद्द आवाजाच्या जागा त्यावर तारखेसह नोंदवाव्यात व तो कागद बोटीच्या दप्तरात ठेवावा. पुढील वर्षी त्याच आराखड्यावरून ठोकून पाहिले असता सीमा बोटभरही सरकलेली आढळली, तर जवळच्या बोल्टमधून पाणी अद्याप शिरत आहे असे समजून प्रथम तो बोल्ट काढावा.