शेताची वांटणी आणि मायबापांचें म्हातारपण

पेरणीची वेळ चुकली तर एक हंगाम बुडतो. वांटणीची रीत चुकली तर बापलेकांचें नातें बुडतें. मोसम व गिरणा यांच्या कांठच्या आमच्या मालेगांव तालुक्यांत ही गोष्ट नवी नाहीं. म्हणून तिचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

येथें दोन चुका नेहमीं घडतात. पहिली बापाची. साठी उलटली तरी सातबारा, कांद्याची पट्टी व तिजोरीची किल्ली एकाच हातीं असते. चाळीशीचा मुलगा डाळिंबाला ठिबक बसवूं म्हणतो. पण उतारा बापाच्या नांवाचा असल्यामुळें कर्जासाठीं त्याला बापाचेंच तोंड पाहावें लागतें. राबणारा हात आपला आणि निर्णय दुसऱ्याचा, हें त्याला सलतें. दुसरी चूक याच्या उलट. थकलेला बाप एके दिवशीं सर्व जमीन बक्षीस लिहून देतो आणि पुढें औषधाच्या पैशांसाठीं ओट्यावर बसून सुनेच्या तोंडाकडे पाहतो. दोन्हींचें मूळ एकच: आपसांत बोलून ठरवावयाचें तें कोणी ठरविलेंच नाहीं.

वांटणी करतांना प्रथम जमीन वडिलोपार्जित कीं स्वकष्टार्जित, हें पाहावें. वडिलोपार्जितांत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनें तो देशभर आला, आणि त्यासाठीं बाप त्या वेळीं हयात असण्याची अट नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. लेकीला न विचारतां केलेली वांटणी म्हणजे पुढच्या पिढीस दिलेला दावा होय. शिवाय तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासूनचा आहे. म्हणून तुकडे पाडण्यापूर्वीं तलाठ्यास विचारावें. आणि नुसतें क्षेत्र वांटून भागत नाहीं. विहिरीच्या पाण्याची पाळी, मोटारीचें बिल, बैलगाडीची वाट व कांद्याची चाळ हींही कागदावर आलीं पाहिजेत, कारण भांडणें बहुधा येथूनच उठतात.

आतां मायबापांच्या पोटाचा प्रश्न. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जमीन, अट मोडल्यास, परत मिळूं शकते. त्यासाठीं अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. परंतु २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, अशी अट असल्याचें दिसलें पाहिजे. नुसत्या प्रेमानें दिलेल्या दानास हें कलम लागूं होत नाहीं. पुढें जानेवारी २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें मध्यप्रदेशांतील एका मातेचें बक्षीसपत्र रद्द करविलें व घर तिला परत देवविलें; तेथें मुलानें सांभाळाचें वचन लिहून दिलें होतें. एका ओळीचें मोल यावरून कळावें.

अट लिहिणें म्हणजे मुलावर अविश्वास दाखविणें, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. सावकाराशीं, बँकेशीं, वाटेकऱ्याशीं आपण कागद करतों तो शत्रुत्वामुळें नव्हे. लिहिलेलें असलें म्हणजे मुलासही आपलें कर्तव्य नेमकें कळतें, आणि भावाभावांत "मींच का सांभाळूं" हा प्रश्न उरत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. मुलगा पंचविशीचा झाला कीं एखादा एकर त्याच्या हिशोबावर सोडावा. नफाही त्याचा व तोटाही त्याचा. साठीच्या सुमारास लेकींसह सर्वांस बसवून वांटणी ठरवावी, ती नोंदवावी व फेरफार करून घ्यावा. स्वतःच्या व पत्नीच्या नांवें थोडी जमीन व राहतें घर ठेवावें. बाकीचें देतांना सांभाळाची अट स्पष्ट लिहावी.

मुलांनींही एक लक्षांत ठेवावें. ज्यानें जमीन राखली, त्याला कारभार सोडणें जड जातें, तें लोभामुळें नव्हे. शेत सुटलें कीं आपली गरज सरली, ही भीति त्याच्या मनांत असते. वांटणीनंतरही पेरणीपूर्वीं त्याचा सल्ला विचारणारा मुलगा ती भीति घालवितो, आणि हें काम कोणत्याही कागदानें होत नाहीं.