धरणगावची दहा वर्षे : जेम्स आउट्रम आणि खानदेशची भिल्ल पलटण

एखादा प्रदेश जिंकला की लढाई संपते, परंतु तेथील सारा कोणी गोळा करायचा, तंटे कोणी सोडवायचे, बाजार कसे भरवायचे आणि वाटा कशा राखायच्या हे प्रश्न लढाई संपल्यावरच सुरू होतात, आणि त्यांची सोडवणूक करण्यासाठी आजच्या अनेक लष्करांत मुलकी व्यवहार अधिकाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग असतो. अमेरिकेत हे अधिकारी बहुतांशी राखीव दलातून, म्हणजे एरवी वकिली, डॉक्टरकी, स्थापत्य किंवा पोलीस खात्यातील नोकरी करणाऱ्या आणि बोलावणे येताच गणवेश चढवणाऱ्या नागरिकांमधून घेतले जातात, कारण पाणीपुरवठा किंवा न्यायदान यांचे ज्ञान कवायतीच्या मैदानावर मिळत नाही. आपल्याकडे १९४९ पासून कार्यरत असलेली प्रादेशिक सेना ही साधारण त्याच धर्तीवर नागरिकांमधून उभी केलेली सेना होय. खानदेशात मात्र दोनशे वर्षांपूर्वी हा प्रयोग उलट्या दिशेने झाला. येथे नागरिक शिपाई झाले नाहीत, तर पेशाने शिपाई असलेल्या माणसांच्या हाती मुलकी कारभार सोपवला गेला, आणि त्यांतील सर्वांत मोठी कारकीर्द ज्याची झाली तो जेम्स आउट्रम घडला तो आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे.

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत खानदेशाइतकी दुर्दशा फार थोड्या सुभ्यांच्या वाट्याला आली असेल. होळकरांच्या फौजांनी केलेली धूळधाण, १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि गढ्या बळकावून बसलेल्या अरब शिबंदीची, म्हणजे भाडोत्री सैनिकांची, दंडेली यांमुळे तापीकाठची काळी, कसदार जमीन ओस पडली होती. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला तेव्हा दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने तेथील कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज या मद्रास फौजेतील अधिकाऱ्याकडे दिला. ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले, कचेऱ्यांच्या बांधकामासाठी दूरदूरचे कारागीर आणले, व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा मोफत आणि कायमच्या दिल्या, आणि सुमारे अडीच हजार वस्तीच्या त्या लहान गावाला शहराची घडण मिळवून दिली. पुढे फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा अनुवादक म्हणून तो विद्वानांत ओळखला गेला, तरी धुळेकरांच्या दृष्टीने त्याचे अधिक टिकाऊ काम हेच मानावे लागते.

अरबांचा बंदोबस्त तोफांनी झाला, पण भिल्लांचा प्रश्न तोफांच्या आवाक्यातला नव्हता. सातपुडा आणि सातमाळा या दोन डोंगररांगांत राहणारे भिल्ल मुळात गावगाड्याबाहेरचे नव्हते. अनेक गावांत जागल्याचे, म्हणजे राखणीचे, काम त्यांच्याकडे होते, आणि घाटवाटांच्या संरक्षणाबद्दल त्यांच्या नाईकांना ठरावीक हक्क मिळत. गावेच उजाड झाली तेव्हा हे हक्क बुडाले आणि राखणदारांवर लूट करण्याची वेळ आली. त्यावर पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगावी भिल्लांना भेटीस बोलावून दग्याने पकडले आणि विहिरींत टाकून ठार केले. अशा विश्वासघाताची आठवण असलेले लोक नव्या सरकारच्या कौलावर, म्हणजे अभयाच्या लेखी वचनावर, सहज विश्वास ठेवतील हे शक्यच नव्हते. १८१८ नंतरची सहा-सात वर्षे पलटणी डोंगरात चढत राहिल्या, नाईक पकडले गेले, काहींना फाशी झाली, शिपाई हिवतापाने आजारी पडत राहिले, आणि पुढच्या हंगामात नवा नाईक उभा राहत गेला.

मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने १८२५ मध्ये धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. एजन्सी म्हणजे अशी कचेरी की जिच्या प्रमुखाकडे शिपाईगिरी, पोलिसी, किरकोळ न्यायदान आणि वसाहतीचे काम एकत्र सोपवलेले असे. दक्षिणेच्या एजन्सीचे ठाणे कन्नडला होते आणि तिने भिल्लांना शेतीवर बसवण्याचे काम अंगावर घेतले. ईशान्येकडील एजन्सी धरणगावला होती आणि भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम तिच्याकडे आले. भिल्लांना शिपाई करण्याचा आधीचा प्रयत्न फसला होता, त्यामुळे हे काम कोणालाही हवेसे वाटत नव्हते. ते ज्याच्याकडे आले तो लेफ्टनंट जेम्स आउट्रम तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता.

आउट्रमचा जन्म १८०३ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात झाला. त्याचे वडील नामांकित स्थापत्य अभियंता होते, पण ते तो दोन वर्षांचा असतानाच वारले, आणि बेताच्या परिस्थितीत वाढलेला हा मुलगा १८१९ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून दाखल झाला. खानदेशात त्याने प्रथम बंडखोरांवर छापे घातले, आणि त्या छाप्यांत हाती लागलेल्या कैद्यांमधूनच त्याने आपले पहिले भिल्ल सोबती मिळवले. तो शरीररक्षकांवाचून त्यांच्या पाड्यांवर जाई, जखमींवर उपचार करी, सणांत त्यांच्याबरोबर बसे आणि वाघाच्या शिकारीत त्यांच्या पुढे चाले. धरणगावच्या दहा वर्षांत त्याने दीडशेहून अधिक वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. तो आकडा आज वाचताना सातपुड्याच्या जंगलाबद्दल हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही, परंतु ज्या समाजात धैर्य हीच प्रतिष्ठा होती त्या समाजात त्या शिकारींनी त्याला जे स्थान दिले ते कोणत्याही सरकारी सनदेने मिळाले नसते.

भरती अत्यंत सावकाश झाली, कारण सर्वांना एका ठिकाणी जमवून कापून काढण्याचा हा नवा डाव आहे अशी वदंता वारंवार उठे, आणि कोपरगावच्या विहिरी आठवणाऱ्या लोकांना ती निराधार वाटण्याचे काही कारण नव्हते. या भरतीतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मालेगावच्या छावणीत घडला. आउट्रमने आपले नवे भिल्ल शिपाई तेथे नेले तेव्हा त्याच्या मूळ पलटणीतील शिपायांनी, ज्यांत उच्च जातींचे लोक बरेच होते, त्यांना शेजारी बसवून घेतले, त्यांच्याशी गप्पा केल्या आणि त्यांना पानसुपारी दिली. ज्यांना गावात कोणी ओट्यावर बसू देत नसे त्यांच्यासाठी पानसुपारीचा हा मान पगारापेक्षा मोठा होता, आणि त्यानंतर भरतीला वेग आला. अल्पावधीतच ही पलटण खजिन्याचे व चौक्यांचे पहारे सांभाळू लागली आणि नियमित फौजेला खानदेशातून मोकळीक मिळाली.

मात्र शिपाई केलेल्या काही शे तरुणांमुळेच खानदेश शांत झाला असे म्हणणे एजन्सीच्या कचेऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल. जमिनी साऱ्याशिवाय दिल्या गेल्या, बैल आणि बियाणे घेण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिली गेली, गावोगावच्या भिल्लांची नोंद झाली, बुडालेले राखणीचे हक्क शोधून ते पुन्हा चालू केले गेले, आणि नाईकांना नेमणुका मिळाल्या. या खटाटोपात कोणाचीही छाती पदकांनी भरली नाही. असे असूनही मुलकी कामाचा खरा कस येथेच लागतो, कारण बंडाचे मूळ बुडालेल्या हक्कांत आहे हे ओळखून ते हक्क कागदावर परत आणणे हे डोंगर चढण्याहून कठीण काम आहे.

आउट्रमने १८३५ मध्ये खानदेश सोडला. त्यानंतर तो गुजरातेत महीकांठ्याचा पोलिटिकल एजंट झाला, अफगाण युद्धात लढला, सिंधमध्ये १८४३ साली त्याने हैदराबादच्या रेसिडेन्सीचा बचाव केला, आणि त्या युद्धाचे कारणच अन्याय्य आहे असे वाटल्याने आपल्या वाट्याची लुटीची रक्कम स्वतःसाठी ठेवली नाही. साताऱ्यास आणि बडोद्यास तो रेसिडेंट होता; बडोद्याच्या दरबारातील लाचलुचपत उघडकीस आणल्याबद्दल मुंबई सरकारने त्याला तेथून दूर केले. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले तेव्हा तेथील पहिला चीफ कमिशनर तोच होता. सप्टेंबर १८५७ मध्ये लखनौकडे निघालेल्या फौजेचे सेनापतिपद त्याच्या हक्काचे असताना त्याने ते आधीपासून फौज चालवणाऱ्या जनरल हॅवलॉककडे राहू दिले आणि स्वतः स्वयंसेवक घोडेस्वारांत सामील झाला; त्या घोडेस्वारांनी व्हिक्टोरिया क्रॉससाठी त्याची निवड केली, पण त्याने तो सन्मान घेतला नाही. बाथ या सरदारवर्गाची सर्वोच्च पदवी आणि वंशपरंपरागत बॅरोनेट हा किताब त्याला मिळाला. १८६३ मध्ये फ्रान्समधील पो येथे त्याचे निधन झाले आणि त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरले गेले. हे सर्व मान प्रामुख्याने युद्धांसाठी होते. धरणगावची दहा वर्षे त्याच्या चरित्रात बहुधा शिकारीच्या प्रकरणांपुरती उरतात, हा त्याच्या कारकिर्दीचा उफराटा हिशेब आहे.

या कारकिर्दीची दुसरी बाजू मांडल्याशिवाय मात्र ती खानदेशची होत नाही. भिल्लांना जवळ करून उभारलेली पलटण पहिल्यापासून इतर भिल्लांवर चालवण्यासाठीच होती. १८३० मध्ये डांगच्या भिल्ल राजांविरुद्धच्या मोहिमेत आउट्रमनेच तिचा वापर केला. साऱ्याशिवाय मिळालेल्या जमिनी पुढच्या पिढ्यांत सावकारांकडे गेल्या, आणि १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरील वहिवाटही हिरावली. सेंधव्याच्या घाटरस्त्याची राखण अनेक वर्षे कंपनी सरकारच्या पगारावर करणारे खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच सरकारविरुद्ध उठले, आणि त्यांनी घाटातून जाणारा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे त्यांच्या आणि त्यांचे सहकारी भीमा नाईक यांच्या लोकांशी लढाई झाली तेव्हा इंग्रजांच्या बाजूने चढाई करणाऱ्या फौजेत खानदेशची भिल्ल पलटण होती. त्या लढाईत पकडलेल्या बहुसंख्य भिल्लांना तिथल्या तिथे भरवलेल्या लष्करी न्यायासनापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, शेकडो स्त्रियांना बंदी करण्यात आले, आणि १८६० मध्ये खाज्या नाईक दग्याने मारले गेले. धरणगावच्या पलटणीचे शिपाई पुढे जिल्हा पोलिसांत सामावले गेले.