हुडहुडी भरली? मग कथा लिहायला घ्या!

इंदूरचा जानेवारी म्हणजे एका दिवसात दोन ऋतू. दुपारी पारा पंचविशी गाठतो, पहाटे दहाच्या आसपास उतरतो, आणि उत्तरेचा वारा सुटला की आणखी खाली. शहर माळव्याच्या पठारावर, सुमारे 550 मीटर उंचीवर. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभराची ऊब रात्री भराभर निघून जाते. कथा लिहिणाऱ्यासाठी यात वेळापत्रक तयारच आहे: दुपारी गच्चीत ऊन खात लिहायचं, रात्री माणसांत मिसळायचं.

गच्चीला शास्त्राचाही पाठिंबा आहे. गारठ्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हात मंदावतो. 2004 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पाहणीत एका कार्यालयाचं तापमान 20 अंशांवरून 25 वर नेलं, तर टंकलेखनातल्या चुका 44 टक्क्यांनी घटल्या!

बोटं अगदीच काकडली तर मालती जोशींना आठवा. हिंदी आणि मराठी दोन्हींत लिहिणाऱ्या, इंदूरशी घट्ट नातं असलेल्या या कथाकार हातात कागद न घेता आपली अख्खी कथा तोंडपाठ सांगत. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हात शालीत ठेवूनही संवाद म्हणून पाहता येतात, आणि खोटं वाक्य कानाला लगेच खटकतं.

थंडी आणि पुस्तकं म्हटलं की आइसलँडचं कौतुक होतं. तिथे नाताळाला पुस्तकं भेट देण्याची लाट 1944 पासूनची. पण का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तो 1909 मध्ये, तब्बल 35 वर्षं आधी! गोधडीत बसून कथा वाचण्याची सोय मराठी माणसाने केव्हाच करून ठेवली होती.

सगळ्यात रंगतदार गोष्ट मात्र शेजारच्या देवासची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर पहिल्यांदा तिथे आले 1912 च्या नाताळात. 1921 मध्ये ते परत आले, थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून. सोबत हिंदुस्थानावरच्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं होती. खरा देश समोर येताच ती प्रकरणं त्यांना निर्जीव वाटू लागली आणि लेखणी अडली. घरी पत्रं मात्र ते भरभरून लिहीत राहिले. कादंबरी इंग्लंडात परतल्यावर पुरी झाली आणि 1924 मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’ या नावाने गाजली. पत्रांचं ‘द हिल ऑफ देवी’ 1953 मध्ये आलं. कथा अडली की पत्र लिहावं, हा उपाय मला फार आवडतो. पत्रात आपण उगाच साहित्यिक होत नाही.

खुद्द इंदूरच्या मातीतही लेखन आहेच. शरच्चंद्र मुक्तिबोध इथेच जन्मले, 1921 मध्ये. त्यांनी मराठीत ‘क्षिप्रा’ कादंबरी लिहिली. थोरले बंधू गजानन माधव हिंदीत गेले. एका मराठी घरातून दोन भाषांना दोन लेखक! अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इंदूरला तीनदा भरलं: 1917, 1935 आणि 2001. तिसऱ्या वेळी अध्यक्ष होत्या कथाकार विजया राजाध्यक्ष.

आणि रात्री? सोन्याचांदीची दुकानं मिटली की सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागतात. तळलेला गरमागरम गराडू, वर जिरावण मसाला आणि लिंबू. हा कंद थंडीपुरताच मिळतो. घाई न करता खा, शेजारच्या टोळक्याच्या गप्पा ऐका. मराठी, हिंदी आणि माळवी एकाच वाक्यात कशा नांदतात, ते दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीत उतरवून काढा.